घाई आमची होती, तिची नव्हती

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये शाळेच्या परीक्षा संपल्या आणि आम्ही घरात जाहीर करून टाकलं, आता छोटीचं डायपर बंद! छोटी तेव्हा दोन वर्षं दोन महिन्यांची होती. जूनपासून तिला प्ले-ग्रुपमध्ये घालायचं ठरलं होतं आणि जिथे नाव घातलं तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "डायपर लावलेलं मूल आम्ही घेत नाही."

हातात दोन महिने होते. आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षकी पेशातले. उर्दू आणि मराठी हे आमचे विषय. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालेले. वर्गात पन्नास-साठ मुलं सांभाळणाऱ्यांना घरातल्या एका मुलीला शी-शू सांगायला शिकवणं काय अवघड, असं आम्हाला वाटलं.

दोन महिन्यांत ती शिकली नाही. उलट मे महिन्याच्या शेवटी तिला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे बसलो होतो. या विषयावर घराबाहेर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. पण लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात ही वेळ येते आणि बऱ्याच घरांत आमच्यासारखीच चूक होते. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहीत आहोत.

कामोठ्यात आमचा चौथ्या मजल्यावर वन बीएचके आहे. एक संडास, एक बाथरूम. घरात आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा, छोटी आणि दादी. सकाळी मानसरोवर स्टेशनवर लोकल गाठायची असते, सोसायटीत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्यामुळे सकाळचा तास म्हणजे धावपळ. छोटी सहा महिन्यांची झाल्यावर पाळणाघरात जाऊ लागली आणि डायपर ही सोय न राहता सवय झाली. तिलाही आणि त्याहून जास्त आम्हाला. डायपरच्या आतला थर सगळी ओल शोषून घेतो. त्यामुळे आपण ओले झालो हे मुलाला जाणवतच नाही. दोन वर्षं जिला ओलेपणा कधी कळला नाही, तिने दोन महिन्यांत आधीच सांगावं, अशी आमची अपेक्षा होती.

आम्ही शिक्षक असल्यामुळे वेळापत्रक केलं. दर अर्ध्या तासाला मोबाईलचा अलार्म. अलार्म वाजला की छोटीला उचलायचं आणि प्लॅस्टिकच्या पॉटवर बसवायचं. ती उठू लागली की दाबून बसवायचं. "शू कर, शू कर" असं पंधरा पंधरा मिनिटं चाले. ती कोरडी उठायची आणि दोन मिनिटांनी पलंगाच्या पायाशी उभी राहून शू करायची. मग आमचा आवाज चढायचा. पहिले चार दिवस गोडीत गेले, पुढचे दहा दिवस चिडचिडीत.

एका संध्याकाळी दादींनी असरच्या नमाजसाठी जानमाज अंथरली आणि त्या वजूला गेल्या. छोटी येऊन जानमाजवर उभी राहिली आणि तिथेच तिची शू झाली. आमच्या तोंडून एवढ्या जोरात शब्द गेले की शेजारच्या दाराची कडी वाजली. आमच्यापैकी कोण ओरडलं याला महत्त्व नाही. दुसऱ्याने अडवलं नाही, म्हणजे ओरडलो आम्ही दोघंही. पोरगी दचकली, तिची शू मध्येच थांबली आणि ती पडद्यामागे जाऊन उभी राहिली.

दादी वजू करून आल्या. त्यांनी काही न बोलता जानमाज उचलून बादलीत टाकली, फरशीवर पाणी ओतून पुसून घेतली, दुसरी चटई काढली आणि नमाज पढल्या. सलाम फेरल्यावर म्हणाल्या, "मस्जिदीत लघवी करणाऱ्या त्या गावकऱ्याची गोष्ट तुम्ही शाळेत पोरांना सांगता ना?"

आम्ही गप्प झालो. ती हदीस आम्ही खरंच किती वेळा सांगितली आहे! एक खेडवळ माणूस मदिन्याच्या मस्जिदीत आला आणि तिथेच एका बाजूला लघवी करू लागला. लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना थांबवलं, त्याचं पूर्ण होऊ दिलं आणि नंतर त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. आपल्याला लोकांसाठी सोपं करायला पाठवलं आहे, कठीण करायला नाही, ही समज त्यांनी सहाबांना दिली. मग त्या माणसाला जवळ बोलावून, मस्जिद कशासाठी असते, हे शांतपणे सांगितलं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे.

वर्गात आम्ही यातून सहनशीलता शिकवत होतो. त्या दिवशी यातला क्रम लक्षात आला. आधी पूर्ण होऊ द्यायचं, मग पाणी ओतायचं, मग समजावायचं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

पण तोवर उशीर झाला होता. त्या दिवसापासून छोटीने शी करणंच बंद केलं. दोन दिवस, तीन दिवस. पोटात कळ आली की ती पडद्यामागे जायची, पाय एकमेकांवर घट्ट दाबायची, चेहरा लाल करायची. आम्हाला वाटायचं, जोर करते आहे. खरं तर ती रोखून धरत होती. पाचव्या दिवशी कशीबशी शी झाली ती दगडासारखी, आणि तिच्यासोबत रक्ताची रेघ. ती ज्या तऱ्हेने रडली, ते आजही आठवतं.

डॉक्टरांनी काय सांगितलं

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी तिला तपासलं आणि कागदावर एक गोल काढून दाखवला. भीतीमुळे किंवा दुखल्यामुळे मूल शी रोखतं. रोखलेली शी आतड्यात राहते, तिच्यातलं पाणी शोषलं जातं, ती आणखी कडक होते. कडक शी बाहेर येताना दुखते, कधी चीर पडते. दुखलं की मूल पुढच्या वेळी अधिकच रोखतं. हे चक्र ओरडून तुटत नाही, त्याने ते अधिक घट्ट होतं.

त्यांचा पहिला सल्ला ऐकून आम्ही चमकलो. "शिकवणं आजपासून बंद. डायपर परत लावा."

शी मऊ राहावी म्हणून औषध दिलं आणि ते मनाने थांबवायचं नाही, असं बजावलं. खाण्याची चौकशी केली. छोटी दिवसाला चार-पाच बाटल्या दूध प्यायची आणि त्यामुळे जेवायची कमी. दूध कमी करून डाळ, भाजी, पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका आणि पुरेसं पाणी द्यायला सांगितलं. जेवल्यानंतर आतडी आपोआप हलू लागतात, म्हणून पुढे कधी बसवायचं झालं तर जेवणानंतर, तेही पाचच मिनिटं. पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, पायाखाली टेकायला काही हवं, म्हणजे जोर नीट लागतो. आपला भारतीय पद्धतीचा संडास या बाबतीत चांगला. फक्त लहान मुलाला त्या भांड्याची भीती वाटते, म्हणून सुरुवातीला हात धरायला कोणी जवळ हवं.

"आणि प्ले-ग्रुप?" आम्ही विचारलं.

"प्ले-ग्रुप थांबेल," त्या म्हणाल्या.

मूल तयार झालं हे कसं ओळखायचं, तेही त्यांनी सांगितलं. दिवसा दोन तास तरी ते कोरडं राहतं. दुपारच्या झोपेतून कधी कधी कोरडं उठतं. शी लागली की कोपऱ्यात जातं किंवा चेहऱ्यावरून कळतं. ओलं झालं की त्याला ते नकोसं होतं. आपली चड्डी खाली-वर करू शकतं. साधी सूचना समजतं. ही लक्षणं साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसतात, प्रत्येक मुलात वेगवेगळ्या वेळी. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये १,१७० मुलांचा अनुभव मांडून हेच सांगितलं होतं की, आईबापांच्या सोयीने नव्हे, मुलाची तयारी पाहून सुरुवात करा. त्या मुलांनाही दिवसा पूर्ण कोरडं राहायला सरासरी साडेअठ्ठावीस महिने लागले होते. आम्ही छोटीला सव्वीसाव्या महिन्यात पन्नास दिवसांची मुदत दिली होती.

दादींचं म्हणणं

दादी सुरुवातीपासून म्हणत होत्या, "आमची पोरं वर्षाची व्हायच्या आत सांगायची." आम्हाला ती जुन्या लोकांची बढाई वाटायची. नंतर एका दुपारी त्यांना नीट विचारलं, तेव्हा खुलासा झाला.

त्या काळी लंगोट होते, दुपटी होती. बाळ झोपून उठलं किंवा दूध प्यालं की आई किंवा आजी त्याला दोन्ही पायांवर बसवून तोंडाने "शूऽऽ" असा आवाज करायची. बाळाला त्या आवाजाची ओळख व्हायची. "पण खरं सांगू?" दादी हसून म्हणाल्या, "पोर सांगायचं नाही, आम्हालाच कळायचं. दिवसभर मांडीवर असायचं ना."

म्हणजे दादी आणि डॉक्टर एकच गोष्ट सांगत होत्या. मुलाकडे बघा. दादींच्या घरी अंगण होतं, मातीची जमीन होती, ऊन होतं, मूल सांभाळायला चार बायका होत्या. ओलं झालं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. आमच्याकडे टाइल्स, बंद दारं, पाण्याची वेळ आणि साडेसहाची लोकल. आम्ही मुलाकडे बघायच्या ऐवजी अलार्मकडे बघत होतो.

औषध आणि खाण्याचा बदल सुरू राहिला. साधारण महिनाभराने शी मऊ होऊ लागली, पण पडद्यामागे जाणं ऑगस्टपर्यंत सुटलं नाही. आम्ही काही बोललो नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून दादींनीच सांगितलं, "पाऊस जाऊ द्या." दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सुरुवात केली. छोटी तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती आणि डायपर ओलं झालं की स्वतःच ओढून काढू लागली होती.

या वेळी अलार्म नव्हता. घरातली सतरंजी गुंडाळून ठेवली, जानमाज कपाटात वर गेली. सुती चड्ड्यांचा ढीग केला, कारण सुती चड्डी ओली झाली की लगेच कळते. छोटीला बाजारात नेऊन तिच्या आवडीचा छोटा लाल मग घेतला. "हा तुझा, तुझ्या इस्तिंजाचा." त्या मगाने तिला संडासात जायची जेवढी ओढ लावली, तेवढी आमच्या सगळ्या समजावण्याने लावली नव्हती. दादींनी तिला डावा पाय आत आणि उजवा पाय बाहेर शिकवलं. तिला तो खेळच वाटला. पाय चुकला की ती परत बाहेर येऊन पहिल्यापासून आत जायची. कधी कधी त्या गडबडीत दारातच शू व्हायची. दादी म्हणायच्या, "काही नाही, पाणी ओतू." ती म्हणायची, "मी ओतणार."

पुसायला, पाणी ओतायला तिलाही घेतलं, पण शिक्षा म्हणून नाही, घरातलं काम म्हणून. "छी, घाण" हे शब्द बंद केले. लहान मुलाला शी ही आपल्याच शरीराचा भाग वाटते. तिला घाण म्हटलं की त्याला वाटतं, आपणच घाण. मात्र स्वच्छतेत ढिलाई केली नाही. लहान मुलाच्या शीचं काय एवढं, असा एक समज आहे. पण तिच्यातही जंतू असतात. डायपरमधली शी संडासात टाकून मगच ते कागदात गुंडाळून कचऱ्यात वेगळं द्यावं. दर वेळी साबणाने हात धुवावेत, मुलाचे आणि आपलेही. मुलींना धुताना नेहमी पुढून मागे धुवावं, म्हणजे लघवीच्या जागी जंतूंचा संसर्ग होण्याचा धोका कमी होतो. हे तिला मोठेपणीही उपयोगी पडेल, म्हणून सवय तेव्हाच लावावी.

कौतुक करतानाही आम्हाला शिकावं लागलं. पहिल्यांदा तिने स्वतः येऊन "शू" म्हटलं, तेव्हा आम्ही एवढा गोंधळ घातला, टाळ्या, मुके, मामाला व्हिडिओ कॉल, की दुसऱ्या दिवशी चड्डीत झाल्यावर ती परत पडद्यामागे गेली. टाळ्या नाहीत म्हणजे आपण वाईट, असा तिने हिशेब केला असणार. मग कौतुक साधं केलं. "माशाअल्लाह, तू स्वतः सांगितलंस." आणि राहून गेलं तर, "पुढच्या वेळी सांगशील." दोन्ही एकाच आवाजात. चॉकलेट दिलं नाही. चॉकलेट संपलं की सांगणंही संपतं.

तीन आठवड्यांत दिवसाचं डायपर सुटलं. अधूनमधून खेळताना, पाहुणे आल्यावर, ताप असताना चुका झाल्या. प्ले-ग्रुपला ती दिवाळीनंतर गेली. सहा महिन्यांनी तिचं काय बिघडलं, हे आम्हाला अजून सापडलेलं नाही.

रात्रीचं वेगळं

रात्री कोरडं राहणं ही शिकवण्याची गोष्ट नाही. झोपेत लघवी रोखण्याची क्षमता शरीरात यायला वेळ लागतो आणि पाच वर्षांपर्यंत, कधी त्यापुढेही, अंथरूण ओलं होणं सर्रास आढळतं. पुष्कळदा आई किंवा वडिलांनाही लहानपणी तेच झालेलं असतं. यात आळस नाही, हट्ट नाही. आमचा मोठा मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत कधी कधी अंथरूण ओलं करायचा आणि पाहुण्यांकडे मुक्कामाला जायला तो का रडतो, हे आम्ही सगळ्यांपासून लपवलं होतं. आता छोटीच्या निमित्ताने तोच एक दिवस म्हणाला, "तिला काही बोलू नका, मला पण होत होतं." तो हे एवढ्या सहज बोलला की आम्हाला आमच्या लपवण्याची लाज वाटली.

मात्र कोरडं राहणारं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, लघवीला जळजळ होत असेल, किंवा तहान खूप वाढून सारखी लघवी होत असेल, तर थांबू नये. संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. मनावरचा एखादा धक्काही कारण असतो. घरात नवं बाळ, आजारपण, शाळेतली भीती.

शाळेतली भीती म्हटलं की एक मुलगा आठवतो. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पाचवीचा वर्ग. तो मागच्या बाकावर बसायचा. तास सुरू असताना त्याने हात वर केला, "टीचर, जाऊ का?" आम्ही म्हटलं, "आत्ताच मधली सुट्टी झाली. तास संपल्यावर." त्याने दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. आम्ही फळ्यावर लिहीत होतो, मागे वळून पाहिलंही नाही. नंतर मुलांचं हसणं ऐकू आलं. बाकाखाली पाणी साचलं होतं. आम्ही वर्गाला गप्प केलं, त्याला घरी पाठवलं. चार दिवस तो आला नाही. आल्यावर त्याने पुढे वर्षभर आमच्या तासाला कधीही, कशासाठीही हात वर केला नाही. उत्तर येत असतानासुद्धा नाही.

तो मधल्या सुट्टीत का गेला नव्हता, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही. बऱ्याच शाळांत मुलं संडासातल्या घाणीमुळे दिवसभर रोखून धरतात, मुली तर पाणीही पीत नाहीत, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केली. पण वर्गातून तिथपर्यंत जाण्याची परवानगी अजूनही आमच्या हातात आहे.

छोटी पडद्यामागे पाय घट्ट दाबून उभी असायची, तेव्हा तो मुलगा डोळ्यांपुढे यायचा. दोघांनीही रोखून धरलं होतं. एकीने आमच्या ओरडण्यामुळे, दुसऱ्याने आमच्या नियमामुळे. घरातल्या चुकीला डॉक्टर भेटले, दादी भेटल्या. त्या मुलाची माफी मागायची राहून गेली.

यंदा जूनपासून आमच्या वर्गाच्या दाराजवळ खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगली आहे. ज्याला जायचं त्याने ती घेऊन जावं, येऊन परत अडकवावी. विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात काही जणांनी उगाच फेऱ्या मारल्या, मग गंमत संपली. आता दिवसातून चार-पाच वेळा पट्टी हलते आणि तास चालू राहतो.

छोटी आता सव्वातीन वर्षांची आहे. रात्री कधी कधी अंथरूण ओलं होतं. सकाळी ती येऊन सांगते, "पाणी ओतायचंय," आणि आम्ही उठतो.

लहानग्यांची आई, बाबा, दादी, नानी जे कोणी हे वाचत असतील, त्यांना एवढीच विनंती आहे. शेजारचं मूल कधी सांगायला लागलं, हे विचारू नका. आपलं मूल काय सांगतंय ते बघा. पाकी आपल्या दीनमध्ये फार मोठी गोष्ट आहे, म्हणूनच तिची पहिली ओळख मुलाला भीतीतून होऊ नये. अल्लाह आपल्या सगळ्यांना तेवढा सब्र देवो. आमीन.